दोनशेचा इयरफोन आणि मागाचा खडखडाट

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल विणणारा एक तरुण कानात शिट्टी वाजते म्हणून ओपीडीत आला. खिशात २०० रुपयांचा इयरफोन. ‘माग चालू असताना गाणं ऐकूच येत नाही, म्हणून आवाज फुल्ल ठेवतो,’ म्हणाला. यंत्रमागाचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. गाणे त्याच्यावर चढवायचे म्हणजे कानावर दुहेरी मार. ऑडिओमेट्रीच्या आलेखात ४००० हर्ट्‌झजवळ खड्डा दिसला. गोंगाटाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

‘मग महागाचा घेऊ का, डॉक्टर?’ त्याने विचारले.

किमतीआधी तो कानात कसा बसतो ते पाहावे. टोकाचे रबर सैल असले की खालचे स्वर, म्हणजे तबल्याचा डग्गा, बाहेर निसटतात. आवाज पोकळ वाटतो आणि बोट आपोआप व्हॉल्यूम वाढवते. पुष्कळदा दोष इयरफोनचा नसतो, रबराच्या मापाचा असतो. डब्यात दोन-तीन मापांची रबरे मिळतात, ती तशीच पडून राहतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही.

दुकानदार धमधमणारे गाणे ऐकवतो. त्याला भुलू नका. बेस फार फुगवला की स, श, त ही अक्षरे त्याखाली बुजतात. त्यापेक्षा बातम्या लावा, आवाज अर्ध्यावर ठेवा. शब्द नीट कळले तर तो स्वस्तातला इयरफोनही चांगला. वायर पिनपाशी आणि कानाच्या तुकड्यापाशी आधी तुटते. तिथे जाड, लवचीक रबर हवे. एका बाजूचा आवाज कमी झाला तर फेकण्याआधी जाळी पाहा. बहुधा कानातला मळ असतो. कोरड्या मऊ ब्रशने निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० चा मात्र फक्त ४ तास. मागावर हा कोटा पहिल्याच पाळीत संपतो, गाण्यासाठी काही उरत नाही. म्हणून त्याला इयरफोनऐवजी फोमचे इअरप्लग वापरायला सांगितले. मेडिकलमध्ये ते स्वस्तात मिळतात.

तीन महिन्यांनी तो परत आला. गाणी आता घरी ऐकतो, तीही अर्ध्या आवाजात. शिट्टी मात्र रात्री अजून वाजते म्हणाला.