भेरली माड : बहर हाच अखेर

शहरातील उद्याने आणि बंगल्यांच्या आवारांत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या पामवृक्षांत भेरली माड चटकन ओळखता येतो तो त्याच्या पानांमुळे. नारळाची किंवा सुपारीची पाने एकदाच विभागलेली असतात, भेरली माडाची मात्र दोनदा. त्याच्या त्रिकोणी पर्णिकांची कडा माशाच्या शेपटीसारखी कातरलेली असते. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘फिशटेल पाम’ म्हणतात. ‘कॅरिओटा युरेन्स’ हे त्याचे शास्त्रीय नाव. सह्याद्रीतील दमट जंगले हे या वृक्षाचे मूळ घर होय.

करडा, वलयांकित, सरळ बुंधा पंधरा मीटरहून अधिक उंच वाढतो. पाण्याचा निचरा होणारी सकस जमीन, दमट हवा आणि नियमित पाणी त्याला मानवते. रोपे लहान असताना अर्धवट सावली हवी. बी रुजण्यास काही महिने लागतात.

साधारणपणे दहा-पंधरा वर्षांनंतर झाडाची वाढ थांबते आणि शेंड्याजवळ पहिला फुलोरा येतो. घोड्याच्या शेपटीसारखे लोंबणारे हे लांबलचक फुलोरे पुढे एकेक करून खालच्या पेरांवर येत जातात. खोडात वर्षानुवर्षे साठवलेला पिष्टमय साठा यात खर्ची पडतो. काही वर्षांनी सर्वात खालच्या फुलोऱ्याची फळे पिकली की वृक्ष वाळून जातो. अनेकांना हा रोग वाटतो आणि खते व औषधांचा मारा सुरू होतो. वस्तुतः हा त्याचा निसर्गक्रम आहे; त्यावर उपाय नाही.

म्हणून हा माड लावताना पुढचा विचार आवश्यक ठरतो. त्याला बुंध्यापासून फुटवे येत नाहीत. त्यामुळे पहिला फुलोरा दिसताच शेजारी नवे रोप लावावे. वाळलेला बुंधा कोसळण्याचा धोका असल्याने तो वेळीच उतरवावा. मात्र राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. पिकलेल्या लाल फळांच्या गरात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असून त्यांनी त्वचेची आग होते. ‘युरेन्स’ म्हणजे दाहक, हे नाव त्यावरूनच पडले. त्यामुळे मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो दूरच बरा. रानात मात्र हीच फळे उदमांजरे आवडीने खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पोहोचते. एका वृक्षाच्या अखेरीतून पुढच्या पिढीची सुरुवात होते ती अशी.