लाल दोरी आणि पाण्याची धार

वेसाव्याहून मढला, बोरिवलीहून गोराईला जायचं तर खाडी ओलांडावी लागते. इथल्या मोठ्या मच्छीमार नौकांचं डिझेल इंजिन पोटात असतं. लहान होडीचं मात्र मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं, म्हणून ते आउटबोर्ड. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूडने अमेरिकेत १९०९च्या सुमारास असं इंजिन विकायला काढलं. वर इंजिन, मधून उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा ही त्याची मांडणी आजही कायम आहे.

हे इंजिन खाडीचंच पाणी ओढून थंड राहतं. खालच्या भागातला रबरी इंपेलर पाणी वर चढवतो आणि त्यातलं थोडं मागून धार होऊन पडतं. सुरू केल्यावर पहिली नजर त्या धारेवर हवी. आपल्या खाड्यांत प्लास्टिक आणि गाळ भरपूर. पाणी ओढायचं तोंड बुजलं की धार बारीक होते किंवा थांबते. तेव्हा इंजिन लगेच बंद करायचं, नाहीतर ते तापून जाम होतं. कोरड्यावर सुरू केलं तर इंपेलर काही क्षणांत झिजतो.

दुसरी गोष्ट लाल दोरी. तिचं एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. ती बांधली नसेल, तर रिकामी होडी गोल फिरत त्याच माणसावर येऊ शकते. पाण्यातल्या माणसाला वर घेतानाही पंखा थांबलेलाच हवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते; म्हणून सुटी टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरावी.

परतल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन थोडा वेळ चालवलं की आतलं मीठ धुतलं जातं. गिअर तेल काढताना ते दुधाळ दिसलं, तर सील गळतंय आणि पाणी आत शिरलंय. खारं पाणी आधी खातं तो जस्ताचा तुकडा. इंजिनाचा धातू वाचावा म्हणूनच तो बसवलेला असतो. तो झिजला की बदलावा, त्यावर रंग कधीच मारू नये.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. इंपेलर, सील, प्लग बदलायला याहून चांगला काळ नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहाल, तेव्हा ही कामं झालेली असू द्या. आणि होडी सोडण्याआधी लाल दोरी बांधा, मग होडी अगदी पलीकडच्या काठापर्यंतच जाणार असली तरी.