बोलता बोलता झालेली पुस्तके
(फडताळातली पुस्तके : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात वरच्या कप्प्यातल्या पोथ्या खाली काढल्या होत्या. आज मधला कप्पा. इथे तीन पुस्तके एकमेकांना टेकून उभी आहेत : विनोबांची 'गीता प्रवचने', साने गुरुजींची 'श्यामची आई' आणि 'बहिणाबाईची गाणी'. ग्रंथालयात ही तीन वेगवेगळ्या कपाटांत गेली असती. एक अध्यात्मात, एक कथा-कादंबरीत, एक कवितेत. मला मात्र ती एकाच कुळातली वाटतात. तिघांच्याही अंगावर बोलण्याचा वास आहे.

'गीता प्रवचने' तर सरळसरळ बोललेलीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी सत्याग्रही कैद्यांना गीतेचा एक अध्याय सांगत. पहिला २१ फेब्रुवारीला, अठरावा १९ जूनला. कॅलेंडर घेऊन मोजून पाहा, मधला एकही रविवार चुकलेला नाही. (आठवड्याला एक लेख देताना माझी जी तारांबळ उडते, ती पाहता मला याचे जरा जास्तच कौतुक.) विनोबा बोलत आणि समोर बसून साने गुरुजी लिहून घेत. तेही त्याच तुरुंगात कैदी होते.

समोर पंडितांची सभा नव्हती, याचा पुस्तकाला फार फायदा झाला. चौथ्या अध्यायातला 'विकर्म' हा शब्द घ्या. भाष्यकारांच्या परंपरेत विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबा तिथे वेगळी वाट धरतात. त्यांच्या मते विकर्म म्हणजे कर्माला मिळालेली मनाची जोड. हात काम करताहेत आणि मन भलतीकडे, तर ते नुसते कर्म, ओझे. त्यात चित्त ओतले की ते हलके होते आणि शेवटी केल्यासारखे वाटतच नाही, ते अकर्म. व्याकरणाच्या अंगाने यावर वाद घालता येईल, घातलाही जातो. पण तुरुंगातली ठरवून दिलेली कामे रोज उरकणाऱ्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्याच वर्षी लिहून घेणारा सांगणारा झाला. फेब्रुवारी १९३३, तुरुंग नाशिकचा. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग तिथे अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. हे पुस्तक त्यांनी हाताने लिहिले खरे, पण मांडणी सगळी सांगण्याची आहे. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आठवणी सांगतो; म्हणून यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. एकूण बेचाळीस. रडवणारे पुस्तक म्हणून त्याची ख्याती झाली आणि त्या ख्यातीने त्याचे थोडे नुकसानच केले, असे मला वाटते. रुमाल बाजूला ठेवून वाचले तर कोकणातल्या एका घराचा जमाखर्च त्यात दिसतो : कर्ज कसे चढते, सावकाराचा माणूस दारात येऊन काय बोलतो, घरावर जप्ती येते तेव्हा गावात मान वर करून चालणे कसे अवघड होते. अळणी भाजीची गोष्ट आठवते ना? भाजीत मीठ नाही, तरी वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात. त्या गोष्टीतला संयम थोर आहेच. पण ती रंगते ती सांगणाऱ्याच्या हातोटीमुळे. आईने पहिला घास घेईपर्यंत तो ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो.

आणि बहिणाबाई. जळगावजवळच्या असोद्याचा जन्म, १८८०चा. अक्षरओळख नाही. शेतात, चुलीपाशी, दळताना गाणे सुचे ते तोंडातून बाहेर पडे आणि वाऱ्यावर जाई. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी जे टिपले तेवढेच आपल्या हाती लागले. किती निसटले याचा हिशोब कोण देणार?

बोली कागदावर उतरवणे हे नुसते लेखनिकाचे काम नव्हे. लेवा बोलीतला 'ळ'चा 'य' कुठे ठेवायचा, ओळ कुठे तोडायची, हे लिहिणाराच ठरवतो. बहिणाबाईंची गंमत तर बऱ्याचदा नादातच असते. त्यांच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. घरोटावरच्या गाण्यात त्यांना प्रश्न पडतो, की ज्याच्यातून पीठ येते त्याचे नाव 'जाते' कसे? हा विनोद डोळ्यांना अर्धाच दिसतो, कानाला मात्र लगेच पोचतो. आमच्या घरी ही गाणी आत्या मोठ्याने वाचायची आणि आम्ही पोरे तिच्या हेलांना हसायचो. पुढे कॉलेजात तीच गाणी गुपचूप, परीक्षेसाठी वाचली, तेव्हा ती मला चक्क सपक लागली होती.

सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी अत्र्यांचाच 'श्यामची आई' चित्रपट पडद्यावर आला. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या होत्या. आपले नाव छापलेले पुस्तक त्यांनी हातात धरले नाही.

पुढच्या आठवड्यात खालचा कप्पा. तिथल्या जुन्या दिवाळी अंकांना कसर लागली आहे; आधी ते उन्हात घालतो.