सेकंड हँड जेट विमान: इंजिनापेक्षा कागद का महाग?

भंडाऱ्यात जुना ट्रक घ्यायचा झाला तर आपले लोक काय करतात? मेकॅनिक सोबत नेतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि आरसी बुकावर बँकेचं नाव चढलेलं आहे का ते पाहतात. ‘सुपर मिडसाइज’ जातीचं जुनं जेट घेणाराही हेच करतो, फक्त आकडे कोटींत असतात.

या वर्गात चॅलेंजर ३००, गल्फस्ट्रीम जी२८० अशी विमानं येतात. आठ-दहा माणसं बसतात, केबिनमध्ये उभं राहता येतं. नागपूर ते जेद्दा साधारण ४१०० किलोमीटर. एवढं अंतर ही विमानं मध्ये न थांबता कापतात.

सौदा ठरला की बयाणा थेट मालकाच्या हाती जात नाही, तिसऱ्याकडे ठेवला जातो. मग विमान वर्कशॉपमध्ये उघडतात. इंजिनात बारीक कॅमेऱ्याची नळी घालून पाती पाहतात, गंज शोधतात. काही तपासण्या उड्डाणाच्या तासांवर येतात, काही कॅलेंडरवर. विमान उभं राहिलं तरी दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या चुकत नाहीत. म्हणूनच ‘कमी चाललंय’ या बोलण्यावर जाणकार भाळत नाही. मोठी तपासणी तोंडावर आली असेल तर भाव तिथेच पाडून मागतो.

खरी मेख लॉगबुकात आहे. इंजिनातल्या काही भागांचं आयुष्य ठरलेलं असतं. असा भाग बनला तेव्हापासून किती वेळा वापरला गेला याची सलग नोंद लागते. नोंद तुटली, तर भाग चकाचक असला तरी तो बसवता येत नाही. भंगारच म्हणा! ट्रकच्या धंद्यात एवढी कडकाई असती तर अर्ध्या गाड्या उभ्याच राहिल्या असत्या.

कर्जाचा बोजा उतरला का, हेही तपासावं लागतं. भारतात आणायचं तर डीजीसीएची परवानगी, विमानाच्या वयाची अट आणि कर. खासगी वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे.

आता म्हणाल, आपल्याला काय त्याचं? भंडाऱ्याहून ६०-७० किलोमीटरवर नागपूरचं मिहान आहे. तिथे दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० या बिझनेस जेटचे भाग बनतात. अख्खं फाल्कन २०००एलएक्सएस तिथेच जोडायची घोषणा जून २०२५ मध्ये झाली, पहिलं उड्डाण २०२८ पर्यंत अपेक्षित आहे. विमानदुरुस्तीची मोठी हँगरंही तिथेच आहेत.

तिथे विमान ‘उडायला योग्य’ म्हणून सही करणारा लायसन्सधारी इंजिनिअर लागतो. ते लायसन्स डीजीसीए देतं, कॉलेज नाही. ‘एव्हिएशन कोर्स’च्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. माझ्या ओळखीच्या एका घराने शेत गहाण ठेवून मुलाला पाठवलं. सर्टिफिकेट आलं, पण त्यावर लायसन्सची परीक्षा देता येईना, कारण संस्थेला सीएआर-१४७ ची मान्यताच नव्हती.

विज्ञान शाखेतून फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी झालेल्या मुला-मुलींसाठी ही वाट खुली आहे. फी भरण्याआधी अम्मी-अब्बांनी डीजीसीएच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडावी. संस्थेचं नाव तर पाहावंच, शिवाय मान्यता कोणत्या शाखेला आहे, बी१ म्हणजे इंजिन-सांगाड्याला की बी२ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला, आणि तिची मुदत कधी संपते तेही पाहावं.