शाळेची हद्द कोण आखतो?

पोलीस ठाण्याला हद्द असते, ग्रामपंचायतीला असते. मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला असते का? अमेरिकेत नकाशावर रेघ मारून शाळेची हद्द ठरवतात. वस्ती वाढली की रेघ पुन्हा आखतात, आणि त्यावरून पालकांची भांडणेही होतात. आपल्याकडे सहसा अशी रेघ नसते. हद्द ठरते ती अंतराने. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालील केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांत पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. महाराष्ट्राने २०११ साली हीच अंतरे स्वीकारली. आदर्श नियमातले शब्द मात्र नीट वाचायला हवेत. तिथे नुसते 'अंतर' नाही, 'चालत जाण्याचे अंतर' आहे.

या शब्दांनी काय फरक पडतो? भूमितीच्या तासाला करून पाहता येईल. कागदावर तीन ठिपके म्हणजे तीन शाळा. दर दोन ठिपक्यांमधल्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढला की कोणते घर कोणत्या शाळेला जवळ हे कळते. जॉर्जी व्होरोनॉय या गणितज्ञाने १९०८ साली या विभागणीचा सखोल अभ्यास केला, म्हणून तिला व्होरोनॉय आकृती म्हणतात.

परंतु लंबदुभाजक पाखराचे अंतर मोजतो. पोर पाखरू नसते. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप आणि आसपासचे पंप यांच्यामधली हद्द नकाशावर आखली. ती त्यांनी सरळ रेषेने नव्हे, तर जवळच्या रस्त्याने किती चालावे लागते यावरून आखली. त्या हद्दीच्या आतच मृत्यूंची दाटी होती.

आता अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर या. घरे मळ्यांत विखुरलेली, वाट शेताच्या बांधाने. बांध एकमेकांना काटकोनात आहेत असे धरू. पाखराच्या हिशोबाने शाळेभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ होते. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. बांधावरून १ किलोमीटर चालून जिथपर्यंत पोचता येते तो भाग मात्र तिरपा ठेवलेला चौरस निघतो, आणि त्याचे क्षेत्रफळ भरते अवघे २ चौरस किलोमीटर. म्हणजे वर्तुळाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग कागदावर हद्दीत आणि पायांनी हद्दीबाहेर.

हे झाले सपाटीचे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई–रतनगडाच्या परिसरात, हिशोब आणखी बिघडतो. भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडची वाडी डोळ्यांना जवळ दिसते, पण पायवाट पाण्याला वळसा घालून जाते. पावसाळ्यात ओढा भरला की उन्हाळ्यातले अंतर खोटे ठरते. आदर्श नियमांनी हे ओळखले आहे: दरडी, पूर, रस्त्याचा अभाव असे धोके असतील तिथे मर्यादा कमी करून शाळा जवळ आणावी, असे त्यांत म्हटले आहे. नियमांतले हे कलम आम्हाला सर्वांत शहाणे वाटते, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते.

शाळा बंद होते तेव्हा हद्द कशी सरकते, हेही पाहू. सरळ रस्त्यावर दर दोन किलोमीटरला एक शाळा आहे. कुणालाही एकापेक्षा जास्त किलोमीटर चालावे लागत नाही. मधली शाळा बंद केली, तर तिच्या दारातल्या मुलाला दोन किलोमीटर चालावे लागेल. कालपर्यंत जे मूल सर्वांत जवळ होते तेच सर्वांत लांब पडले! शाळा बहुधा वस्तीच्या मधोमध असते, त्यामुळे असा लांब पडणारा गट लहान नसतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१७ साली राज्याने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांचे समायोजन करण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले गेले. त्यामागचा विचार सरसकट चुकीचा म्हणता येणार नाही. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या आणि वर्गात दोनच सवंगडी, ही अडचण आपल्यापैकी अनेकांनी भोगली आहे. बस मिळाली तर अंतराचा प्रश्न सुटतो. मात्र ती वाडीपर्यंत यायला हवी, नुसती डांबरी रस्त्यापर्यंत नव्हे.

आपल्या शाळेची खरी हद्द काढणे अवघड नाही. आधी दहा मीटर दोरीवर मुलांची पावले मोजून एका पावलाची सरासरी लांबी काढा. मग प्रत्येकाने घर ते शाळा पावले मोजावीत आणि लागलेली मिनिटे लिहावीत. गावाच्या नकाशावर घरे मांडून पट्टीने सरळ अंतरही मोजा, आणि चालण्याच्या अंतराला त्याने भागा. काटकोनी बांधांवर हे गुणोत्तर १ ते १.४१ यांच्या दरम्यान येईल. डोंगरात किती येते ते पाहा, आणि हीच मोजणी एकदा मे महिन्यात व एकदा ओढ्याला पाणी असताना करा.