फडावरच्या प्रेमाची किंमत

1947 साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला आणि तमाशा मराठी पडद्यावर ठाण मांडून बसला. जयराम शिलेदारांचा रामजोशी शास्त्राची वाट सोडून बयाच्या फडात रमतो आणि जातीबाहेर पडतो. बया झाल्या होत्या हंसा वाडकर. 1959च्या 'सांगत्ये ऐका'तही त्याच होत्या. तो पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. पुढची दहा-बारा वर्षं अनंत मान्यांचे तमाशापट, जयश्री गडकर, लीला गांधी आणि वसंत पवार, राम कदमांचं ढोलकीचं संगीत.

या सगळ्यांत 'पिंजरा' (1972) वेगळा. मूळ कथा जर्मन 'द ब्लू एंजल'ची, पण शंकर पाटलांचे संवाद आणि खेबुडकरांची गाणी यांमुळे ती पुरती इथल्या मातीची झाली. गावाचा आदर्श असलेला मास्तर तमासगीर चंद्रकलेचा फड गावाबाहेर काढतो, ती नदीपल्याड तंबू ठोकते. शेवटी गावात मास्तरांचा पुतळा उभा राहतो आणि खरा मास्तर तिच्यामागे तुणतुणं धरून उभा असतो. मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचे तेव्हाचे खाली गेलेले डोळे आजही बघवत नाहीत. पण आपण रडतो ते मास्तरांसाठी. पुरुष तमाशाच्या नादी लागला की त्याची अब्रू जाते, हे बऱ्याच तमाशापटांनी सांगितलं. बाईचं काय गेलं, हे मात्र बहुतेकांनी एखाद्या लावणीत उरकलं.

ते खुद्द हंसाबाईंनी आत्मचरित्रात सांगितलं. त्यावर बेतलेल्या बेनेगलांच्या 'भूमिका'त (1977) स्मिता पाटीलची उषा घर पोसते आणि त्याच घरात तिच्यावर संशय घेतला जातो. तमाशापटांना जे दिसलं नाही, ते इथे दिसलं.

2010च्या 'नटरंग'नं पुरुषाची गोष्टही फिरवली. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा तमाशात राजाची भूमिका करायला निघतो, पण नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी गुणाचं पिळदार शरीर उतरवून हाताची बोटं, मान, चाल अशी बदलली, की गुणाला पाहून गाव का हसतं आणि घर का तुटतं, हे न बोलता कळतं. इथे त्याला कुणी नादी लावलेलं नाही, ओढ त्याची स्वतःची आहे. म्हणूनच मला तो या साऱ्या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. घर सोडून गेल्यावर गुणाजवळ उरते ती फडातली नाचणारी नयना. तिची गोष्ट मात्र तिथेही अर्धीच राहिली. तिच्या बाजूनं सांगितलेला तमाशापट मला बघायचा आहे.