मुलांच्या पसाऱ्याला हक्काची जागा

गेल्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाची पाळी आमच्या घरी होती. पंचवीस-तीस माणसे येणार आणि खोली २२५ चौरस फुटांची, पुनर्वसन इमारतीतली. आदल्या रात्री आम्ही उभयतांनी घर आवरायला घेतले. खाटेखाली एक गोणी निघाली. आत रिकाम्या काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणे, आइस्क्रीमच्या काड्या, पुठ्ठ्याचे तुकडे आणि मोडक्या मोटारीची दोन चाके. सकाळी भंगारवाल्याची हाक आली आणि आम्ही ती गोणी त्याच्या हवाली केली. वाचन फार चांगले झाले. पाहुण्यांनी घराच्या टापटिपीचे कौतुकही केले.

संध्याकाळी आमची धाकटी खाटेखाली वाकून वाकून काही शोधू लागली. ती तेव्हा चौथीत होती. त्या गोणीत तिचा सांचीचा स्तूप होता. म्हणजे, व्हायचा होता. काड्यांची चारपैकी तीन तोरणे चिकटवून झाली होती. घुमटासाठी तिने फुटका प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून ठेवला होता. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, “पप्पा, तुमची पुस्तकं कुणी अशी भंगारात दिली असती का?”

त्यानंतर दोन महिने तिने काहीच बनवले नाही.

आम्ही विचार करू लागलो. आमच्या पुस्तकांना भिंतीवर फळी आहे. भांड्यांना मांडणी आहे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना मानाची जागा आहे. मुलांच्या वस्तूंना मात्र आपण एकच नाव ठेवतो, ‘पसारा’! ज्या वस्तूला घरात जागा नाही, ती वस्तू केव्हाही केराच्या टोपलीत जाऊ शकते. आणि मूल मनाशी धरते, की या घरात आपलेही काही नाही.

जागाच नाही हो, असे वाचक भगिनी म्हणतील. ते खरेच आहे. पण परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींचे बिऱ्हाड एका खोलीत होते. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, भीमरावांचा अभ्यासही तिथेच. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून सुभेदार त्याला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण ठेवून आणत. खोली मोठी करणे त्यांच्या हाती नव्हते, म्हणून त्यांनी वेळेतून मुलाला जागा काढून दिली. पुढे बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना घर मिळावे म्हणून. आम्हाला तर फक्त खाटेखालची जागा आणि दारामागची भिंत शोधायची होती.

एका रविवारी आम्ही जमिनीवर जुनी चादर पसरली आणि दोन्ही मुलांच्या सगळ्या वस्तू त्यावर ओतल्या. धड वस्तू एकीकडे, दुरुस्तीच्या दुसरीकडे, वय उलटून गेलेल्या तिसरीकडे. चौथा ढीग कशाचा ते धाकटीने सांगितले, “हे सामान आहे, कचरा नाही.” तो ढीग सगळ्यांत मोठा निघाला. या कामात एक पथ्य पाळावे. मुलाला विचारल्यावाचून काहीही टाकू नये. आम्ही विचारू लागलो तेव्हा तिने आपण होऊन निम्म्या वस्तू बाहेर काढल्या. न विचारता एक जरी टाकली असती, तर उरलेल्या सगळ्या तिने उशाखाली लपवल्या असत्या.

धड खेळण्यांपैकी निम्मीच खाली ठेवली. बाकीची बांधून माळ्यावर टाकली आणि महिन्याने अदलाबदल केली. खूप खेळणी समोर असली की मूल एकही धड खेळत नाही. महिनाभर माळ्यावर राहिलेली मोटार मात्र खाली आली की नवी होते.

आता ठेवायचे कशात? बाजारात प्लॅस्टिकच्या कप्प्यांची कपाटे हजार-दीड हजाराला मिळतात. त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. आमच्या घरात सर्वांत उपयोगी ठरली ती नाडीची चादर. जुन्या जाड चादरीचा चार-पाच फूट व्यासाचा गोल कापायचा, कडेने नेफा शिवायचा आणि त्यात लांब दोरी ओवायची. मूल त्यावर बसून ठोकळे घेऊन खेळते. खेळ संपला की दोरी ओढायची. सगळे ठोकळे आत आणि चादरीचे गाठोडे तयार. ते दारामागच्या खुंटीला. दोन मिनिटांत जमीन मोकळी होते आणि थोरल्याला अभ्यासाला बसता येते. तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती ही दोरी लागू देऊ नये, गळ्यात अडकते. म्हणून खुंटी उंचावर हवी.

खाटेखाली आंब्याची लाकडी पेटी गेली. तिचे वर आलेले खिळे ठोकून बसवले, कडा काचकागदाने घासल्या आणि खाली चार चाके लावली. ती ओढली की येते, ढकलली की जाते. आमच्या सहचारिणींनी जुन्या जीन पँटचे खिसे कापून एका कापडावर शिवले आणि ते कापड दारामागे टांगले. एका खिशात रंगकांड्या, एकात ब्रश, एकात पट्टी-पेन्सिल. मणी, बटणे, टिकल्या यांच्यासाठी काचेच्या ऐवजी प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या घ्याव्या. बरणीचे झाकण फळीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी पक्के करायचे आणि बरणी खालून फिरवून बसवायची. फळीवरची जागा पुस्तकांना राहते आणि बरण्या फळीखाली लटकतात. आत काय आहे ते दिसते, म्हणून शोधताना दहा डबे उपसले जात नाहीत.

तेलाचा पंधरा किलोचा डबा उभा कापला तर कागद ठेवायला उत्तम. पण कापलेला पत्रा सुरीसारखा असतो. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून कडा आत दुमडून घ्याव्यात, ते घरी करू नये. पुठ्ठ्याची खोकी औषधाच्या दुकानात मागितली की मिळतात. आतून कप्पे असलेली सर्वांत मजबूत खोकी दारूच्या बाटल्यांची असतात, हे सांगायला संकोच वाटतो. आमच्या थोरल्याने एक आणले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते कसे ठेवायचे यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी खोके परत गेले. कप्पे मात्र आम्ही पाहून ठेवले होते, तसेच साध्या पुठ्ठ्याचे करून घेतले.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. पुस्तकबांधणी करणारे तीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे, मुलांच्या वस्तूंत कदापि घालू नये. झुरळे खळीला सोडत नाहीत, तेव्हा खळीने चिकटवलेल्या वस्तू झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात त्या डब्यात दोन-चार खडू टाकले की ओल शोषली जाते. कात्री, सुया, ब्लेड आणि खेळण्यातले चपटे बटणासारखे सेल वरच्या फळीवर कुलपात. हे सेल मुलाने गिळले तर अन्ननलिका आतून भाजते, काही तासांत जिवावर बेतते. तसे घडल्यास घरगुती उपाय न करता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

कागदाविषयी एक स्पष्ट बोलतो, कारण आम्ही कारकून आहोत. कचेरीतला कोरा कागद मुलांसाठी घरी आणणे ही चोरी आहे. दुसरे शील घेताना आपण जे म्हणतो त्यात हा कागदही येतो. रद्दीत निघालेले पाठकोरे कागद साहेबांना विचारून, त्यावर कुणाची नावे-पत्ते नाहीत हे पाहून, आणायला हरकत नाही.

दोन महिन्यांनी हे सगळे पाहून शेजारच्या दोन घरांनी तसेच केले. मग आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत विषय काढला, की विहारातही मुलांसाठी असा एक कोपरा असावा. घरोघरचे डबे, झाकणे, खोकी जमवू. तेव्हा एक वडीलधारे उठले. गिरणीत बत्तीस वर्षे काढलेला माणूस, मूळचे सातारकडचे. ते म्हणाले, “बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आमच्या बापानं उष्टं सोडलं, मेल्या ढोराचं सोडलं. अन् तुम्ही शिकल्या-सवरल्यांनी पोरांच्या हातात पुन्हा भंगार द्यायचं व्हय?”

सभागृह गप्प झाले. आम्हीही. त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके हेच सांगितले होते. शिवाय आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात. मालकीण हात तुटलेली बाहुली, तीन चाकांची मोटार पिशवीत भरून देते आणि आपले मूल तीच घेऊन खेळते. त्या बाहुलीच्या तुटक्या हातात मुलाला काय दिसत असेल? एका भगिनीने त्याच बैठकीत सांगितले, की आता ती पिशवी मालकिणीच्या दारातच उघडते, धड असेल ते घेते आणि बाकीचे “नको बाई” म्हणून परत देते. आम्हाला ते फार पटले.

तरी आम्हाला वाटते, उष्टे वेगळे आणि उरलेले वेगळे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना देणार. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचे? गाद्यांची अभ्रे. त्यांचे मग जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके. आणि फडके झिजले की ते कुटून मातीत कालवून जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले, त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या त्या काही लाचारी म्हणून नव्हे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवले ते दगड, शंख-शिंपले, बिया आणि पाने घेऊन. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी तर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार करायला शिकवले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

हे आम्ही बैठकीत सांगितले. ते गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, “बघू,” आणि जयभीम करून गेले.

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा जमाखर्च दिल्यावाचून राहवत नाही. चार चाके १२० रुपये, खुंट्या व स्क्रू ४०, दोरी ३०, दोन खाकी कागद २०, मैदा १०. एकूण २२० रुपये. शिवणकाम घरचे. पेटी फळवाल्याने फुकट दिली.

या सगळ्यात आमच्याकडून एक गोष्ट राहिली होती, ती मुलीनेच दाखवली. झालेल्या वस्तूंना जागा केली, सामानाला केली, पण जे अजून व्हायचे आहे त्याला कुठेच नव्हती. रोज रात्री अंथरुणे घालायची म्हणून अर्धवट काम उचलावे लागे आणि ओली खळ सुटून येई. मग एका पुठ्ठ्याचे उथळ ताट केले, काम त्यावरच करायचे आणि ताटासकट कपाटावर सरकवायचे. त्यावर तिने लिहिले, ‘अर्धवट. हात लावू नये.’ घरातल्या मोठ्यांनी हा नियम पाळायचा. आवरायचे काम दोघांनीही करायचे हाही नियम आहे, थोरला मुलगा आहे म्हणून त्याला सूट नाही. त्याच्या खुंटीखाली आजही ढीग असतो, ते वेगळे.

स्तूप आता पुन्हा सुरू आहे. दोन तोरणे झाली. तिसरे वाकडे झाले म्हणून तिने स्वतःच उकलले.

गेल्या महिन्यात ते गिरणीतले गृहस्थ विहारात आले, बरोबर नातू आणि डोक्यावर लोखंडी ट्रंक. गावाहून मुंबईला पहिल्यांदा आले तेव्हाची ती. म्हणाले, पोरांचं सामान यात ठेवा, पण हिला आधी रंग देईन, गंजकी देणार नाही. दोन रविवार बसून त्यांनी ती घासली आणि निळा रंग दिला. मुलांनी वर पांढऱ्या अक्षरांत ‘सामान’ असे लिहिले आहे. झाकणाची कडी ढिली आहे, तेवढी कुणी बसवून दिली तर बरे होईल. रिकाम्या बरण्या आणणाऱ्यांनी त्या धुऊन, झाकणासह, रविवारी वंदनेच्या वेळी आणाव्यात.